कागदावरचे शब्द : स्वमग्नतेच्या अहवालाची भाषा

रानजाई | सोमवार, सकाळी १०:०५

आधी हा मजकूर वाचा : स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा, तपासणी-अहवाल. कुणाचाही खरा अहवाल नाही, धाग्यासाठी मुद्दाम रचलाय. पण अशा धर्तीचे कागद ज्यांनी पाहिलेत त्यांना ओळखीचा वाटेल.

"वय ५ वर्षे २ महिने. एएसडी, लेव्हल २, भाषाविलंबासह. आयएसएए ११२, मॉडरेट. इकोलॅलिया +, स्टिमिंग +, जॉइंट अटेन्शन पुअर, सेन्सरी इश्यूज +. सल्ला : ओटी, स्पीच, स्पेशल एज्युकेशन."

संपला. आता हा कागद आजोबांनी वाचला, बालवाडीच्या बाईंनी वाचला, तर हाती काय लागतं? 'लेव्हल २' आणि 'मॉडरेट' तेवढं लक्षात राहतं, बाकीचं डोक्यावरून जातं.

मला प्रतिशब्दांची यादी नकोय. 'इकोलॅलिया म्हणजे प्रतिध्वनिभाषण' असं लिहून एका अवघड शब्दाच्या जागी दुसरा बसतो, बस. शब्द कशाला म्हणतात, तो प्रत्यक्षात दिसतो कसा, आणि घरी किंवा वर्गात त्याचं करायचं काय, एवढं हवंय. माझं मत आधीच सांगून टाकते : या कागदातली सगळ्यात कामाची माहिती त्या अधिक चिन्हांच्या मागे दडलेली आहे, आणि नेमकी तीच लिहिलेली नाही.

तिरकी_ओळ | सोमवार, १०:११

पहिला! वाचनखूण साठवली.

अधिक चिन्ह बघून 'चांगलं आहे ना मग' म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात.

पाटीपेन्सिल | सोमवार, ११:४०

आकड्यांपासून सुरुवात करते, कारण गोंधळ तिथेच जास्त.

'लेव्हल २' आणि '११२, मॉडरेट' हे एकाच गोष्टीचे दोन आकडे नाहीत. दोन वेगळ्या फूटपट्ट्या आहेत.

लेव्हल येते डीएसएम-५ मधून. अमेरिकन मानसोपचार संघटनेचं हे निदानाचं पुस्तक २०१३ साली आलं. लेव्हल १ म्हणजे आधार लागतो, २ म्हणजे भरीव आधार लागतो, ३ म्हणजे फार भरीव आधार लागतो. आजार किती वाढलाय ते यातून कळत नाही. आज किती मदत लागते एवढंच कळतं. आणि मूळ नियमाप्रमाणे ती दोनदा लिहायची असते : सामाजिक संवादासाठी एक, ठरावीक-पुनरावर्ती वागण्यासाठी एक. एखाद्या मुलाला संवादात २ आणि वागण्यात १ असू शकते. वरच्या कागदात एकच लिहिली आहे, म्हणजे अर्धी माहिती तिथेच गळाली. लेव्हल बुद्ध्यांकही सांगत नाही. ती कायमचीही नसते.

आयएसएए ही भारतीय मोजपट्टी. ४० प्रश्न, सहा विभाग : सामाजिक देवाणघेवाण, भावनिक प्रतिसाद, बोली-भाषा, वागण्याच्या पद्धती, संवेदना, आकलन. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण. क्वचित दिसलं तर १, कायम दिसलं तर ५. लक्षात घ्या, शून्य नाहीच. त्यामुळे कमीत कमी बेरीज ४० आणि जास्तीत जास्त २००. '६२ आले हो' म्हणून हबकणाऱ्यांनी हे आधी बघावं, कारण ७० च्या खाली स्वमग्नता नाही असं धरतात. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, १५३ च्या वर तीव्र.

तेव्हा ११२ म्हणजे मध्यमच्या उंबरठ्यावर नुकतंच पाऊल. सहा गुण कमी असते तर 'माइल्ड' लिहिलं असतं, आणि मूल तेच असतं.

कंदी_पेढा | सोमवार, १२:०२

पाटीपेन्सिलताई, उत्तम. यात तिसरी फूटपट्टी राहिली : टक्के. दिव्यांग प्रमाणपत्रावर ना लेव्हल असते ना 'मॉडरेट', तिथे टक्केवारी. आयएसएएच्या तक्त्यात ७० गुणांना ४० टक्के, १०६ ते १२३ ला ७० टक्के, १५८ च्या पुढे १०० टक्के. म्हणजे हा कागद प्रमाणपत्रात ७० टक्के होऊन बसतो.

आता नातेवाइकांत '७० टक्के ऑटिझम' अशी बातमी फिरते आणि लोकांना वाटतं मेंदूचा ७० टक्के भाग गेला. तसं काही नाही. हा तक्ता सवलतींसाठी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात स्वमग्नता आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यातल्या सात प्रकारांत ती नव्हतीच. बहुतेक लाभांना ४० टक्क्यांची अट असते. म्हणून प्रमाणपत्राच्या टेबलावर पालकांनी 'आमचा हुशार आहे हो' म्हणून कौतुकाने गुण कमी करून घेऊ नयेत. तिथे रोजचा वाईट दिवस कसा असतो ते सांगायचं.

खडीसाखर | सोमवार, १२:३०

शीर्षकातल्या 'स्वमग्नता' या शब्दालाच माझा आक्षेप आहे. मराठीत स्वमग्न म्हणजे आपल्याच तंद्रीत असलेला, थोडा आत्मकेंद्री. ऐकणाऱ्याला वाटतं पोराला कुणाशी देणंघेणं नाही. प्रत्यक्षात कितीतरी मुलांना माणसं हवी असतात, जवळ कसं जायचं ते जमत नसतं. ऑटिझमच म्हणा की सरळ, सगळ्यांना कळतं.

वारूळ | सोमवार, १:१५

खडीसाखर, दोष मराठीचा नाही, मूळ शब्दाचाच आहे. ग्रीक 'आउटोस' म्हणजे स्वतः. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास तो वापरला तोही स्किझोफ्रेनियातल्या एका लक्षणासाठी. पुढे १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांचं वर्णन केलं आणि १९४४ मध्ये व्हिएन्नात हान्स अॅस्परगर यांनी. दोघांनी तोच शब्द उचलला. त्याच्याही आधी, १९२५ साली, मॉस्कोच्या ग्रून्या सुखारेवा यांनी अशाच मुलांबद्दल लिहून ठेवलं होतं, पण तिकडे जगाचं लक्ष फार उशिरा गेलं.

शब्द चुकीच्या घरात जन्मला आणि तिथलंच आडनाव लागलं. हिंदीत 'स्वलीनता', मराठीत 'स्वमग्नता', दोन्ही त्याच 'स्व'ची भाषांतरं. सरकारी मराठी कागदांत स्वमग्नता रुळलाय, शोधताना तोच सापडतो, म्हणून ठेवावा. बोलताना ऑटिझम म्हणा, कोण अडवतंय.

तिरकी_ओळ | सोमवार, १:२०

'गतिमंद', 'मतिमंद', 'विशेष', 'दिव्यांग' हे चारही एकाच पोराला एकाच लग्नात चार वेगवेगळे लोक म्हणतात. जेवणाच्या पंगतीगणिक बदलतं.

पाटीपेन्सिल | सोमवार, १:४८

हो, आणि चारही वेगळे आहेत! 'मतिमंद' हा जुना शब्द, आता बौद्धिक अक्षमता म्हणतात. तिच्यासाठी बुद्ध्यांक आणि रोजच्या व्यवहारातली क्षमता दोन्ही मोजावी लागतात. स्वमग्नतेसोबत बौद्धिक अक्षमता असू शकते किंवा नसू शकते, म्हणून डीएसएममध्ये 'बौद्धिक अडचणीसह' की 'विना' हे वेगळं नोंदवायला सांगितलंय. वरच्या कागदात भाषेबद्दल लिहिलंय, बुद्धीबद्दल काहीच नाही. याचा अर्थ बुद्धी ठीक आहे असा नव्हे, आणि नाही असाही नव्हे. विचारायला हवं.

'दिव्यांग' हा सगळ्या प्रकारांसाठीचा सरकारी शब्द.

निळी_छत्री | सोमवार, ३:३०

इकोलॅलिया घेते. हा बोलण्यासंबंधीचा शब्द.

ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं म्हणजे इकोलॅलिया. लगेच म्हटलं तर तात्काळ, तासांनी किंवा महिन्यांनी म्हटलं तर विलंबित. आपण विचारतो, "तुला पाणी हवं का?" मूल म्हणतं, "तुला पाणी हवं का." बहुतेकदा ते 'मला पाणी हवंय' असंच सांगत असतं. त्याच्यासाठी ते सगळं वाक्य मिळून पाण्याचं नाव आहे. याला अर्थहीन पोपटपंची म्हणून गप्प करायचा जमाना गेला. ती संवादाची पहिली पायरी असू शकते.

विलंबित प्रकार ओळखायला कठीण. लोकलमधलं "पुढील स्थानक, दादर" हे एखादं मूल घरात चपला दिसल्या की म्हणतं. दादरशी संबंध नाही, 'बाहेर जाऊ या' असा अर्थ. म्हणून वहीत तीन रकाने करा : काय म्हटलं, तेव्हा काय चाललं होतं, नंतर काय मिळाल्यावर शांत झालं. आठवड्याभरात अर्थ लागायला लागतात.

आता करायचं काय. प्रश्न विचारणं कमी करा, कारण प्रश्नाचीच नक्कल परत येते. मुलाच्या तोंडी शोभेल असं वाक्य आपण म्हणायचं. पेला हातात घ्या, "मला पाणी हवं" एवढंच सपाट आवाजात म्हणा आणि पाच ते दहा सेकंद थांबा. हे थांबणं सगळ्यांना जड जातं. दोन सेकंदांत आपण पुन्हा बोलून मोकळे होतो आणि मुलाची पाळी खाऊन टाकतो.

आणि मराठी घरांत हमखास होणारी चूक : "म्हण, मला पाणी हवं." की मूल म्हणतं, "म्हण मला पाणी हवं." तो 'म्हण' मग वर्ष-वर्ष चिकटून राहतो. 'सांग' आणि 'बोल' यांचंही तेच. ते शब्द तोंडातून काढूनच टाका.

वारूळ | सोमवार, ३:५२

फार नेमकं लिहिलंत. आपल्याकडे आणखी एक गुंता असतो तो इंग्रजी पुस्तकांत मिळणार नाही : क्रियापदाचं लिंग. मुलगा दिवसभर आईचं "मी येते", "मी देते" ऐकतो आणि तेच उचलतो. लोक हसतात किंवा भलत्याच शंका काढतात. ते फक्त नकलेतलं व्याकरण.

निळी_छत्री | सोमवार, ४:१०

अगदी. उपाय सोपा : मुलाच्या वतीने वाक्य म्हणताना आईनेही "मी जातो" म्हणायचं. सुरुवातीला तर "मला हवं", "मला नको", "मला दे" अशी लिंग न लागणारी वाक्यंच धरावीत. ती कामाचीही तीच आहेत.

खडीसाखर | सोमवार, ४:२५

'नको' सगळ्यात आधी शिकवा हो. 'हवं' शिकवतात सगळे. 'नको' सांगता येत नाही म्हणून ताट भिरकावलं जातं.

सह्यकडा | सोमवार, ६:०५

सध्या सगळीकडे ऐकू येणारा 'व्हर्च्युअल ऑटिझम' कुणीच काढला नाही? मोबाइल बंद केला की तीन महिन्यांत मूल बरं होतं म्हणे.

पाटीपेन्सिल | सोमवार, ६:४०

हा शब्द डीएसएममध्ये नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीतही नाही. निदान म्हणून तो अस्तित्वात नाही.

यातला खरा भाग एवढाच : लहान मूल तासन् तास पडद्यासमोर असेल तर त्याच्याशी होणारं बोलणं-खेळणं तेवढं कमी होतं, भाषा मागे पडू शकते. पडदा कमी केल्यावर असं मूल सुधारतं. स्वमग्न मूलही थोडं सुधारतं, कारण त्यालाही माणसं जास्त मिळतात. घोटाळा होतो तो 'आधी मोबाइल बंद करून सहा महिने बघू, मग तपासू' यात. दोन वर्षांच्या मुलाचे सहा महिने म्हणजे आयुष्याचा चौथा हिस्सा. पडदा आजच कमी करा आणि तपासणीची वेळही आजच घ्या. एकासाठी दुसरं थांबवायचं कारण नाही.

सह्यकडा | सोमवार, ७:०२

पण मग 'ऑटिस्टिक फीचर्स' लिहिलेलं असतं ते काय? आहे की नाही?

पाटीपेन्सिल | सोमवार, ७:२०

तो निदानाचा शब्द नाही, राखून ठेवलेलं मत आहे. काही लक्षणं दिसताहेत, निकष पुरे झाले का ते अजून ठरवलेलं नाही, असा अर्थ. अशा वेळी पुढची तपासणी कधी आणि तोवर काय सुरू करायचं हे दोन प्रश्न विचारून तारीख लिहून घ्यायची.

गोंधळात टाकणारी आणखी तीन नावं. 'जीडीडी' म्हणजे सर्वांगीण विकासविलंब; हे पाच वर्षांखालच्या मुलांसाठीच वापरतात, नंतर फेरतपासणी हवीच. 'पीडीडी' आणि 'अॅस्परगर' ही जुनी लेबलं. २०१३ मध्ये डीएसएमने ती एएसडी (ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, म्हणजे स्वमग्नता) या एका छत्रीखाली आणली, आयसीडी-११ नेही. आणि 'एम-चॅट' ही चाळणी आहे, निदान नव्हे : १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी पालकांना २० प्रश्न. ० ते २ कमी धोका, ३ ते ७ मध्यम, ८ किंवा त्याच्या वर जास्त. चाळणीत अडकलेलं सगळंच खडे नसतं आणि खाली पडलेलं सगळंच पीठ नसतं.

तिरकी_ओळ | सोमवार, ७:२६

शेवटचं वाक्य फ्रेम करून घेतोय.

बरं, एक प्रामाणिक शंका. 'सेन्सरी डाएट'साठी आहारतज्ज्ञ लागतो का? आमच्या ग्रुपवर एकजण गव्हाऐवजी नाचणी सुचवत होता.

कोरा_कागद | सोमवार, ८:१५

तिरकी_ओळ, हसून हसून पुरेवाट!

सेन्सरी डाएटचा जेवणाशी संबंध नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे ओटीने, दिवसभरात ठरावीक वेळी आखून दिलेल्या हालचाली आणि स्पर्श : झोका, जड पिशवी उचलणं, भिंत ढकलणं, कणीक मळणं. ते मुलागणिक वेगळं असतं; शेजारच्याचं उचलून लावू नये.

'सेन्सरी इश्यूज +' हा कागदातला सगळ्यात पोकळ शब्द. कुठली संवेदना? जास्त की कमी? पाच सोडून आणखी तीन असतात : तोल, स्नायू-सांध्यांची जाण, आणि शरीराच्या आतली जाण (भूक, तहान, लघवी, दुखणं). शेवटची मंद असेल तर मूल शौचाला उशिरा सांगतं, कान फुटेपर्यंत रडत नाही. आणि लोक म्हणतात हट्टी आहे.

मिक्सरचं उदाहरण घ्या. मूल कानांवर हात ठेवून पळतं, पण टीव्ही मोठ्ठा लावतं. 'मग कानांचं नाटकच' असा निष्कर्ष निघतो. टीव्हीचा आवाज त्याच्या हातात आहे आणि कधी येणार ते ठाऊक आहे. मिक्सर अचानक येतो. म्हणून आधी भांडं दाखवा, "एक, दोन, तीन" म्हणा, दोन सेकंदच फिरवा, थांबवा. जमलं की बटण मुलाच्या हातात द्या. पळत असेल तर दुसऱ्या खोलीतून सुरुवात. कुकरच्या शिट्टीला हे जमत नाही, तिथे सरळ कान झाकणारे इअरमफ. गणपतीतल्या ढोल-ताशालाही.

इअरमफ दिवसभर मात्र घालू नयेत. कान शांततेला सरावतात आणि साधे आवाजही बोचायला लागतात.

उंबरठा | सोमवार, ९:५०

इथपर्यंत सगळं मुलांबद्दल चाललंय. स्वमग्न प्रौढांच्या बाजूने दोन शब्द.

स्टिमिंग : हात फडफडवणं, डुलणं, बोटं डोळ्यांसमोर हलवणं, एकच आवाज काढणं. कागदावर ते दोषांच्या यादीत आहे. बहुतेकदा ते स्वतःला सावरण्याचं साधन असतं, आनंदातही होतं. पाय हलवत बसणारा, पेनचं टोपण टिकटिक करणारा प्रत्येक कारकून स्टिम करतो, फक्त त्याचं कुणी लिहीत नाही. थांबवायचं केव्हा? इजा होत असेल तेव्हा : डोकं आपटणं, हात चावणं. तेव्हाही नुसतं दाबू नका. तीच संवेदना देणारं सुरक्षित काहीतरी द्या, चावायचं असेल तर चावण्याची रबरी माळ.

मास्किंग : हे सगळं लपवून 'नॉर्मल' दिसण्याची धडपड. शाळेत शहाणं, घरी आल्यावर फुटतं. शिक्षक म्हणतात आमच्याकडे तर काहीच त्रास नाही, दोष आईच्या माथी. मुलींमध्ये निदान उशिरा होण्याचं एक कारण हेच.

आणि 'हाय फंक्शनिंग' कृपया सोडा. मूळ वापरात त्याचा अर्थ एवढाच की बुद्ध्यांक ७० च्या वर. माणूस इंजिनिअर असेल आणि गर्दीच्या बसमध्ये चढता येत नसेल, तर फंक्शनिंग हाय की लो?

कंदी_पेढा | सोमवार, १०:१५

उंबरठा, सहमत. पण डोळ्याला डोळा भिडवायला तरी शिकवावंच ना? मुलाखतीत विचारतात.

उंबरठा | सोमवार, १०:३४

'पाच सेकंद डोळ्यांत बघेल' असं ध्येय बऱ्याच आराखड्यांत असतं. कितीतरी स्वमग्न लोक सांगतात की डोळ्यांत बघताना ऐकू येणंच बंद होतं. म्हणजे बघणं साधलं, ऐकणं गेलं. त्याऐवजी 'नाव घेतल्यावर वळतो' किंवा 'बोलणाऱ्याकडे अंग वळवतो' हे ध्येय धरा. मुलाखतीसाठी मोठ्या वयात कपाळाकडे बघायची युक्ती शिकता येते, स्वतःच्या मर्जीने.

निळी_छत्री | मंगळवार, सकाळी ९:२०

त्यावरूनच जॉइंट अटेन्शन. याचा डोळ्यांत बघण्याशी घोळ होतो. दोन माणसांनी तिसऱ्या वस्तूकडे मिळून लक्ष देणं म्हणजे जॉइंट अटेन्शन.

मूल बोट दाखवतं ते दोन प्रकारचं. बिस्किटाच्या डब्याकडे : 'दे'. आकाशातल्या विमानाकडे, आणि मग वळून आईकडे : 'बघितलंस?' दुसरं विमान मिळवण्यासाठी नसतं, ते वाटून घेण्यासाठी असतं. स्वमग्न मुलांत 'दे' असतो किंवा आईचा हात धरून डब्यावर ठेवणं असतं, पण 'बघ' उशिरा येतो किंवा येत नाही. 'बोट दाखवतो का?' असं विचारलं तर पालक खरंखुरं 'हो' म्हणतात. प्रश्न 'कशासाठी दाखवतो?' असा हवा.

वाढवायचं कसं : मुलाला ओढून आपल्या खेळाकडे आणू नका, ते बघतंय तिथे आपण जाऊन बसा. चाक फिरवतंय? तुम्हीही दुसरं चाक फिरवा. थांबवा. त्याने तुमच्याकडे ओझरतं पाहिलं की पुन्हा फिरवा. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं पुरे.

सह्यकडा | मंगळवार, ९:४५

मेल्टडाउन (ताण असह्य होऊन ताबा सुटणं) आणि हट्ट यांतला फरक एका ओळीत सांगा.

कोरा_कागद | मंगळवार, १०:०५

एका ओळीत : हट्टाला प्रेक्षक लागतो आणि हवं ते मिळालं की तो थांबतो, मेल्टडाउनला प्रेक्षक लागत नाही आणि हवं ते दिलं तरी थांबत नाही.

एका ओळीत न मावणारं : हट्टाने सुरू होऊन मेल्टडाउनमध्ये शिरलेलंही असतं. त्या वेळी शिकवणं, समजावणं, 'सॉरी म्हण' सगळं बंद. दिवा मंद, माणसं बाहेर, शब्द दोन-तीन, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, टोकदार वस्तू दूर. मग वाट बघायची. ओसरल्यावर मूल थकलेलं असतं, तेव्हा लगेच अभ्यासाला बसवू नका. शटडाउन याच्या उलट : मूल गोठतं, बोलणं बंद, बाकाखाली किंवा कोपऱ्यात. आवाज होत नाही म्हणून वर्गात कुणाला कळत नाही.

वागणं अचानक बदललं असेल तर थेरपीच्या आधी दात, कान आणि बद्धकोष्ठता तपासा.

पाटीपेन्सिल | मंगळवार, ११:३०

अशा वागण्याच्या नोंदीला 'एबीसी' म्हणतात : आधी काय झालं, मग काय केलं, नंतर काय मिळालं. 'सकाळी चिडला' ही नोंद नव्हे. 'पावणेआठ, टीव्ही बंद केला, रिमोट फेकला, चार मिनिटं ओरडला, टीव्ही पुन्हा लावला' ही नोंद. दहा-बारा झाल्या की दिसतं कारण काय आहे : लक्ष हवंय, सुटका हवीय, वस्तू हवीय की ती संवेदनाच हवीय. कारण वेगळं तसा उपाय वेगळा. सुटकेसाठी फेकणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करणं म्हणजे बक्षीस.

उंबरठा | मंगळवार, ११:५०

ही एबीए थेरपीतली, म्हणजे वागणं शिकवण्या-बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीतली, भाषा. नोंद उपयोगी आहे, मान्य. पण एबीएत मुलाला मुकाट बसवणं हेच यश मानलं जातं अशी स्वमग्न प्रौढांची जुनी तक्रार आहे, तीही इथे नोंदवलेली असू दे.

पाटीपेन्सिल | मंगळवार, १२:१०

असू दे, आणि तक्रारीत तथ्य आहे. म्हणून थेरपिस्टला विचारायचा प्रश्न : हे ध्येय कुणाच्या सोयीचं? शर्टाची बटणं लावणं मुलाच्या सोयीचं, हात न फडफडवणं आपल्या सोयीचं.

बटणांवरून : 'बॅकवर्ड चेनिंग' शब्द कागदात असेल तर अर्थ असा. पाच बटणांपैकी चार तुम्ही लावा, पाचवंही काजात अर्धं सरकवा, शेवटचं ओढणं मुलाचं. ते जमलं की अख्खं पाचवं, मग चौथं आणि पाचवं. शेवट रोज मुलाच्या हातून होतो, म्हणून काम पुरं केल्याचं समाधान रोज मिळतं. मदत तोंडाने कमी, हाताने जास्त, कारण हाताची मदत हळूहळू काढता येते. 'आता हे घे, आता ते घाल' याची सवय लागली की मूल प्रत्येक पायरीला सूचनेची वाट बघत थांबतं.

खडीसाखर | मंगळवार, १:०५

चित्रांची कार्डं दिली तर बोलणं येणारच नाही असं घरचे म्हणतात. त्यावर कुणीतरी लिहा.

निळी_छत्री | मंगळवार, १:४०

बोलण्याला पूरक किंवा पर्यायी साधनांना मिळून एएसी म्हणतात : हावभाव, चित्रं, तक्ते, अॅप. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रांचं अॅप त्यातलंच. एएसीमुळे बोलणं थांबतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. काही मुलांचं बोलणं वाढलेलंच दिसलंय.

पेक्स ही त्यातली एक ठरावीक पद्धत, सहा टप्प्यांची. पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर, आवडीची वस्तू घेऊन. दुसरं मुलाच्या मागे, पूर्ण गप्प. मूल वस्तूकडे झेपावलं की मागचा माणूस त्याचा हात चित्राकडे नेतो आणि चित्र समोरच्याच्या हातात ठेवायला लावतो. समोरचा लगेच वस्तू देतो आणि नाव घेतो. 'काय हवं?' विचारायचं नाही. बिघडतं कुठे, तर आई एकटीच दोन्ही कामं करते, किंवा वीस चित्रं एकदम मांडते, किंवा 'हे काय आहे? सांग' अशी परीक्षा सुरू होते. मग ती फ्लॅशकार्डं झाली, पेक्स नव्हे.

वारूळ | मंगळवार, ३:१५

अवांतर, पण शब्दांचंच. 'न्यूरोडायव्हर्स मुलगा' चुकीचं आहे. न्यूरोडायव्हर्स म्हणजे मेंदूच्या घडणीत विविधता असलेला; एकटा माणूस विविध नसतो, वर्ग विविध असतो. एका मुलाला न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे वेगळ्या घडणीचा, म्हणायचं.

कंदी_पेढा | मंगळवार, ४:३०

आणखी एक फसवा शब्द : 'पालक'. मराठीत आई-बाप म्हणजे पालकच. कायद्यात मूल १८ चं झालं की आई-बाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं, तेही गरज असेल तरच. प्रत्येक स्वमग्न प्रौढाला पालक लागतोच असं नाही. त्याच न्यासाची निरामय ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे.

रानजाई | मंगळवार, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. धाग्यावरच्या प्रतिसादांतून तोच कागद बालवाडीच्या बाईंसाठी पुन्हा लिहून बघितला. अधिक चिन्हांच्या जागी काय असू शकतं ते कल्पनेने भरलंय :

"पाच वर्षांचा. ऐकलेली वाक्यं तशीच म्हणतो. 'तुला पाणी हवं का' म्हणाला तर त्याला पाणी हवंय. त्याला प्रश्न न विचारता 'मला पाणी हवं' म्हणा आणि दहा सेकंद थांबा. हवी ती वस्तू हात धरून दाखवतो, गंमत दाखवायला बोट करत नाही. शाळेची घंटा अचानक वाजली की कान झाकून पळतो. दोन मिनिटं आधी सांगा, इअरमफ दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहेत. हात फडफडवतो, ते चालू द्या. गप्प होऊन बाकाखाली गेला तर ओढून काढू नका, शेजारी बसा. लक्ष देत नसेल तर जवळ जाऊन नाव घ्या."

खालती लेव्हल आणि गुण लिहू की नको?

निळी_छत्री | मंगळवार, ९:३२

झकास. 'लक्ष देत नसेल तर' काढा. तो लक्ष देतच असतो, कशाकडे ते वेगळं. 'नावाला वळला नाही तर' लिहा.

पाटीपेन्सिल | मंगळवार, ९:४०

गुण नकोत, ते प्रमाणपत्राच्या फायलीत राहू देत. आणि वर तारीख टाका. सहा महिन्यांनी यातली निम्मी वाक्यं बदलावी लागतील.

तिरकी_ओळ | मंगळवार, ९:४४

आणि इअरमफ खरंच पुढच्या कप्प्यात आहेत ना ते बघा. आमच्याकडे पुढच्या कप्प्यात कायम अर्धा पेरू असतो.